न दिसणारे दिवे

"एकही भोक पाडायचं नाही,"
इड्वल प्रोबर्ट म्हणाला, गाडीतून उतरायच्या आधीच.
अडतीस सालची रायली, काळी, मडगार्ड गडद हिरवे.
बापाने घेतली होती, डॉक्टरच्या विधवेकडून,
चाळीस मेंढ्या विकून.
मी म्हटलं, बरं.

वाय नदीच्या वरच्या अंगाला रस्ते अरुंद,
दोन्हीकडे कुंपणं माणसाहून उंच.
वळायचं असलं की तो हात बाहेर काढतो,
सरळ, खांद्याच्या रेषेत, जसा कुणीतरी शिकवला होता.
मागच्या गाडीतल्या पोरांना वाटतं, म्हातारा हात करतोय.
तीही हात करतात, हसतात,
आणि भुर्रकन पुढे जातात.
दुधाचा टँकर हसला नव्हता.
दारावर त्याचा निळा ओरखडा अजून आहे.
खांद्याबद्दल इड्वल काही बोलला नाही.
टोपी डाव्या हाताने काढली, तेवढं मी पाहिलं.

दाराच्या खांबात हिचे मूळचे हात आहेत,
पिवळे, वीतभर, वळताना बाहेर उघडणारे.
डावा गंजून आतच बसलाय.
उजवा निम्मा निघतो आणि थरथरतो,
उत्तर येतंय की नाही याची खात्री नसलेल्या
शाळेतल्या पोरासारखा.
त्यांना मी हात लावला नाही.

तीन दिवस लागले.
हिच्या अंगात वीज उलटी खेळते:
धन टोक सांगाड्याला बांधलेलं.
नव्या दिव्यांना ते चालत नाही,
त्यांना आपलं-परकं कळतं.
पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून,
मी वायरी नेल्या जुन्या वायरींच्या पोटाखालून,
वर कापडी वेष्टण गुंडाळलं, तपकिरी,
चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं.
(हे मी कुणाला सांगत नाही.)
पुढे, पांढऱ्या काचेआड, नखाएवढे केशरी ठिपके.
मागे, बंपरच्या मूळच्याच बोल्टला धरून, काळी पट्टी,
विझलेली असली की नुसती सावली.
बटण चोकच्या मागे. बोटाला सापडेल,
डोळ्याला नाही.

एक भोक मात्र सापडलं,
डॅशबोर्डखाली, मी न पाडलेलं,
लाकडी खुंटी ठोकून बुजवलेलं.
"ग्विलिमचं काम," तो म्हणाला. "रेडिओ बसवणार होता."
मग बराच वेळ
तो टायरांकडे बघत उभा राहिला.

संध्याकाळी गॅरेजच्या अंगणात चाचणी.
मी मागे उभी. "डावा," मी ओरडले.
काळोखातून एक केशरी थेंब उमटला, पुसला, उमटला.
"उजवा."
उमटला.
आणि त्याच्याबरोबर खिडकीतून हातही,
कोपरापर्यंतच.
"आता त्याची गरज नाही," मी म्हटलं.
"माहीत आहे," हात म्हणाला,
म्हणजे इड्वल म्हणाला, पण चेहरा दिसत नव्हता.

त्याची एक अट आणखी होती: टिकटिक नको.
"मोटारीत मोटारीचाच आवाज हवा."
म्हणून मी मुका रिले लावला.
बटण आपोआप परतत नाही, हे त्याला दोनदा सांगितलं.
त्याने दोनदा मान डोलावली,
पैसे मोजून दिले, वर अंडी.

फाटकातून उजवीकडे वळला. छान वळला.
मागची व्हॅन शहाण्यासारखी थांबली.
आणि मग, सरळ रस्त्यावर,
उजवा दिवा चालूच.

पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला ग्विलिमचं फाटक आहे.
भाऊ भाऊ. अकरा वर्षं इड्वल तिकडे वळलेला नाही,
असं पोस्टातली नेरिस सांगते, आणि नेरिसला सगळं ठाऊक असतं.

मी हातात अंडी घेऊन उभी.
दूरवर ती काळी पाठ, तिच्यावर एक केशरी कण,
वळतो, वळतो, वळतो म्हणत
फाटकापाशी पोचला,
किंचित मंदावला, असं मला वाटलं,
आणि तसाच सांगत सांगत
पूल ओलांडून गेला.

फाटकावर त्या वेळी कुणी होतं का,
मला इथून दिसत नव्हतं.
फोन करून त्याला बटणाचं सांगायला हवं होतं.
सकाळी करू म्हटलं.
सकाळीही केला नाही.